फाटकामागचा ढीग

वोल्फ्सबुर्गपासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर एक खेडं आहे. त्याच्या शेवटच्या रस्त्यावर ओळीने सहा घरं होती, त्यातलं चौथं आम्ही घेतलं. नवरा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मुलगी नुकतीच झाली होती आणि शहरातल्या भाड्याच्या घरात तिचा पाळणा ठेवला की कपाटाचं दार उघडत नव्हतं. २००३ चा उन्हाळा होता तो. एजंटाने आम्हाला बैठकीच्या खोलीतून थेट मागच्या अंगणात नेलं, कुंपणापलीकडे हात केला आणि म्हणाला, "हे जंगल तुम्हाला फुकट." पाइनची उंच सरळ झाडं, खाली वाळलेलं गवत, आणि कुंपण नि झाडं यांच्यामध्ये जेमतेम चार पावलांची पायवाट. नवरा पुण्याच्या पेठेत वाढलेला. तो बघतच राहिला.

मला जंगलाचं तसं अप्रूप नव्हतं. माझे वडील पाटण तालुक्यातल्या एका गावी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि आमच्या क्वार्टर्सच्या मागूनच डोंगर चढायला लागायचा. माघ लागला की दवाखान्याचा शिपाई आणि वडील विळे घेऊन घराभोवतीचं गवत कापायचे, पार मातीपर्यंत. वारा पडल्यावर फॉरेस्टची माणसं डोंगराच्या कडेने एक पट्टा मुद्दाम जाळत जायची. त्याला जाळरेषा म्हणतात. वरून वणवा उतरला तर त्या काळ्या पट्ट्यात त्याला खायला काही मिळू नये, एवढाच तिचा उपयोग. आमच्याकडे भिंतीला लागून कुणी पेंढा रचत नसे. गवताची गंजी नेहमी लांब, रानात. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय मला नव्हती.

डावीकडच्या घरात पन्नाशीची एक बाई राहायची. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आठवड्यातून दोन दिवस घरी. ती सकाळी गावातल्या बेकरीत काम करायची आणि दुपारी रिकामी असायची. आम्ही राहायला आल्यावर तिसऱ्याच दिवशी ती केक घेऊन आली आणि महिन्याभरात तिने मला 'तू' म्हणायला सांगितलं. जर्मनीत ही साधी गोष्ट नाही. 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला तिथे माणसं वर्षं घेतात. मला बोलता येणारं जर्मन हे जवळजवळ सगळं तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं आहे. मुलीला ताप आला की मुलांच्या डॉक्टरकडे तीच घेऊन जायची, कारण मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती आणि त्या गावातून बस दिवसाला चारच होत्या.

पहिल्यांदा अंगणातलं गवत कापलं तेव्हा मी पोतं भरून तिला विचारलं, "हे कुठे टाकायचं?"

"मागे," ती म्हणाली. "फाटक उघड आणि पायवाटेच्या पलीकडे ओत. सगळे तेच करतात. गोळा करायचं केंद्र आठ किलोमीटरवर आहे, कोण जातंय?"

प्रत्येक घराच्या कुंपणाला मागच्या बाजूने एक छोटं फाटक होतं. आमच्या फाटकासमोर जमिनीला खळगा होता, त्यामुळे तिथे टाकायला सोपं जायचं. मी पोतं ओतलं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. त्या गावात आल्यापासून मी सगळं विचारून विचारून करत होते. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी, फुटपाथ कुणी झाडायचा, रविवारी कपडे वाळत घातले तर चालतात का. ही पहिली गोष्ट होती जी सगळे करत होते आणि मीही केली. डावीकडची बाई, तिच्या पलीकडचं जोडपं आणि आम्ही, तिन्ही घरांचं गवत, थुयाच्या छाटणीच्या फांद्या, ख्रिसमस झाल्यावरची झाडं, सगळं त्या खळग्यात जायला लागलं. थुया म्हणजे कुंपणाला लावतात ती दाट हिरवी झाडं, आत हात घातला तर सगळी सुकी काटकी. खळगा पहिल्याच वर्षी भरला. मग ढीग वर यायला लागला.

उजवीकडे एक आजोबा होते. बायको वारलेली, मुलगा कोलोनला. घरात आम्ही त्यांना 'उजवीकडचे आजोबा' म्हणायचो. समोर मात्र ते कायम आडनावाने आणि 'तुम्ही'. त्यांची-आमची पहिली भेट म्हणजे नवरा रविवारी भिंतीत ड्रिल करत होता आणि ते दारात येऊन नुसते मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून उभे राहिले. दुसरी भेट लाकडांवरून. थंडीसाठी आम्ही जळाऊ लाकूड आणलं होतं आणि मागच्या भिंतीला लागून, छपराखाली, नीट रचलं होतं. ते कुंपणावरून म्हणाले, "भिंतीपासून लाकूड काढा. आणि छपराच्या पन्हळीत पाइनच्या सुया साचल्या आहेत, त्या झाडून घ्या. आणि तो ढीग."

"तो आमचा एकट्याचा नाही," नवरा म्हणाला.

"मला माहीत आहे कुणाचा आहे. मी बत्तीस वर्षं इथे राहतो."

डावीकडच्या बाईला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली. "अगं, तो म्हातारा तसाच आहे. तरुणपणी गावच्या फायर ब्रिगेडमध्ये होता. तेव्हा सत्तरच्या दशकात या सगळ्या भागात मोठा वणवा लागला होता, दिवसचे दिवस जळत होतं. त्याच्या ओळखीची माणसं गेली त्यात. तेव्हापासून त्याला जिकडेतिकडे आग दिसते." मग म्हणाली, "वाईट माणूस नाही. पण त्याचं ऐकायला लागलीस तर घराभोवती नुसती वाळू ठेवावी लागेल."

मी पन्हळ झाडून घेतली, लाकूडही नवऱ्याने हलवलं. ढिगाला मात्र हात लावला नाही.

चौथ्या वर्षीचा मार्च कोरडा गेला. एप्रिल लागला तरी पाऊस नाही. तिकडे वसंत म्हणजे सगळं हिरवं होणार असं आपण धरून चालतो, पण हिरवं येण्याआधी गेल्या वर्षीचं मेलेलं गवत तसंच उभं असतं, आणि तेच सगळ्यात वाईट. जंगलात शिरायच्या रस्त्यावर एक पाटी होती, तिच्यावर वणव्याच्या धोक्याचा आकडा लावलेला असे. मुलीला फिरवून आणताना मी तो आकडा वाढताना बघत होते. एके दिवशी तो सगळ्यात वरचा झाला आणि पाटीखाली लाल पट्टी आली. जंगलात सिगरेट नको, गाडी उभी करायला नको.

त्याच आठवड्यात सहाही घरांच्या टपालपेट्यांत गेमाइंडेचं पत्र पडलं. गेमाइंडे म्हणजे तिथली ग्रामपंचायत म्हणा. पत्रात एक हुकूम होता आणि काही सल्ले. हुकूम असा की जंगलात बागेचा कचरा टाकणं बेकायदा आहे, कुंपणामागे टाकलेला सगळा माल दोन आठवड्यांत उचलावा. सल्ले असे की घराच्या जंगलाकडच्या बाजूला सुकं गवत, लाकूड, छाटणी ठेवू नये, थुया विरळ करावी, झाडांच्या खालच्या फांद्या काढाव्यात, पाण्याची नळी मागच्या बाजूपर्यंत पोचेल अशी ठेवावी. वाचताना मला वडिलांचा विळा आठवला. भाषा सरकारी होती, पण गोष्ट तीच होती.

रविवारी डावीकडच्या बाईच्या अंगणात सगळे जमले. कॉफी, केक, वर निरभ्र आभाळ. उजवीकडचे आजोबाही आले होते, केक न घेता उभे होते.

"आल्झो, तर मग," त्यांनीच सुरुवात केली. "एक मोठा ट्रेलर भाड्याने घेऊ. शनिवारी सहा माणसं, एका दिवसात होईल."

पलीकडच्या जोडप्यातला माणूस म्हणाला, "माझं त्यात थोडंसंच आहे. मी माझ्यापुरतं उचलेन."

"तुमचं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं, हे तुम्हाला ओळखता येईल?" आजोबांनी विचारलं.

"मुळात तक्रार कुणी केली ते आधी कळू दे," डावीकडची बाई म्हणाली. गेमाइंडेला कुणी कळवलं हे सगळ्यांना कळलं होतं. आजोबांनी ते नाकारलं नाही. "मी केली," ते म्हणाले. "चार वर्षं तोंडाने सांगतोय."

त्यानंतर ती चर्चा ढिगाची राहिलीच नाही. ती चुगलीची झाली. शेजाऱ्याविरुद्ध कागद पाठवायचा म्हणजे काय, बोलता येत नव्हतं का, आम्ही काय लहान मुलं आहोत का. आजोबा ऐकत उभे होते. मध्येच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडावं असं त्यांना वाटत होतं की नाही, देव जाणे. पण मी सांगू शकले असते. आमच्या गावी जाळरेषा असायची, गवत कापायचे, आणि एकदा शेजारच्या वाडीत ते राहून गेलं तेव्हा दोन गोठे गेले होते, एवढं सांगण्याइतकं जर्मन मला येत होतं. मी केकची बशी हातात धरून डावीकडच्या बाईकडे पाहिलं. ती रागाने लाल झाली होती. मी केकचा घास तोंडात घातला.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, आपण आपल्यापुरतं तरी करूया का? ढीग आपल्या फाटकासमोर आहे."

"आणि तिला काय वाटेल? आपण म्हाताऱ्याच्या बाजूने झालो असं वाटेल." तो लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाला. "हे बघ, आपला नागरिकत्वाचा अर्ज आत आहे. गावात भांडण नको. बाकीचे करतील तेव्हा आपण करू."

मला ते पटलं. आज मी त्याच्यावर ढकलू शकते, पण खरी गोष्ट ही की मला ते पटलं. त्या बाईशिवाय माझं त्या गावात कोणी नव्हतं.

सोमवारपासून आजोबा एकटे कामाला लागले. ढकलगाडी आणि दाताळं घेऊन त्यांच्या फाटकामागून सुरुवात केली. तिथे त्यांनी स्वतः कधी काही टाकलं नव्हतं, पण वाऱ्याने आलेलं, साठलेलं बरंच होतं. मग ते पहिल्या दोन घरांच्या मागे गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते दिसायचे. अर्धा तास काम, मग ढकलगाडीच्या काठावर बसून दम घ्यायचा. एकदा मी पाणी नेऊन दिलं. "धन्यवाद," म्हणाले, ग्लास रिकामा करून परत दिला आणि लगेच दाताळं उचललं. 'मी मदत करू का' हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात डावीकडे दार वाजलं आणि मी ग्लास घेऊन आत आले.

आग लागली तो गुरुवार. दुपारचे अडीच-तीन झाले असतील. मुलगी जेवून झोपली होती. मी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होते. वारा पूर्वेचा, कोरडा. चादर हातातून सुटत होती. आणि वास आला. जळक्या गवताचा, थोडा गोडसर. मला तो वास आवडला. हे लिहायला मला अजून जड जातं. माघातला वास होता तो, डोंगराच्या कडेने काळा पट्टा ओढत जाणाऱ्या माणसांचा, आणि इतक्या वर्षांनी तो इतक्या लांब मिळाला म्हणून मी त्या वासात उभी राहून चादरी घालत राहिले. पाच मिनिटं असतील, सात असतील. उशांचे अभ्रेसुद्धा घालून झाले. मग कुणीतरी कागद चुरगाळत यावं तसा आवाज आला, तेव्हा मी फाटकाशी गेले.

झाडांच्या मधून आग येत होती. सिनेमात असते तशी मुळीच नाही. घोट्याएवढी, लांबच लांब रांग, सुक्या गवतातून सरकत, मागे काळं ठेवत. डावीकडच्या बाजूने पुढे होती, आमच्या समोर अजून तीस-चाळीस पावलं लांब. एवढीशी आग पायाने विझवता येईल असं वाटत होतं. आत धावले, फोन उचलला, एकशे बारा लावला. "जंगल पेटलंय," म्हटलं, गाव सांगितलं, रस्ता सांगितला. घराचा नंबर चोवीस. जर्मन आकडे आपल्यासारखेच, आधी चार मग वीस. तरी त्या क्षणी माझ्या तोंडून इंग्रजी वळणाने आधी दोन मग चार, म्हणजे बेचाळीस, गेलं. फोनवरची बाई शांतपणे म्हणाली, "त्या रस्त्यावर बेचाळीस नंबर नाही. पुन्हा सांगा." पुन्हा सांगितलं.

परत बाहेर आले तर आजोबा आमच्या फाटकाबाहेर होते. त्यांच्या स्वतःच्या घरामागे नव्हते, ते तर साफ होतं. ते आमच्या ढिगाला भिडले होते. दाताळ्याने वरचा थर ओढून पायवाटेवर पसरत होते, आमच्या कुंपणापासून लांब.

"नळी!" ते ओरडले. "कुंपण भिजवा! ढीग नाही, कुंपण!"

नळी फाटकापर्यंत पोचत नव्हती. दोन हात कमी पडत होती. पत्रातला तो एक सल्ला मी वाचला होता आणि पुढच्या शनिवारी लांब नळी आणायची असं यादीत लिहिलं होतं. मी पाणी उडवत राहिले, वारा ते माझ्याच अंगावर आणत होता. गावातल्या फायर ब्रिगेडचा भोंगा वाजायला लागला. ती सगळी स्वयंसेवक माणसं, कुणी दुकानात, कुणी कारखान्यात. आणि ती वेळ शिफ्ट सुटायची, शहराकडून येणारा रस्ता गाड्यांनी भरलेला.

ढिगाला आग लागली तेव्हा आधी नुसता धूर आला, दाट, पिवळट. मग एकदम धप्प असा आवाज झाला आणि आजोबांच्या खांद्याएवढी ज्वाळ उभी राहिली. चार वर्षांची वाळलेली थुया आणि ख्रिसमसची झाडं. वाऱ्याने ती डावीकडे वाकली आणि त्या बाईच्या थुयाच्या कुंपणाने पेट घेतला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मला वाटतं, मी दहा आकडे मोजले असते तर तेवढ्यात.

"मूल कुठे आहे?" आजोबांनी विचारलं.

"आत. झोपलंय."

"मग इथे काय करताय? पुढच्या दाराने बाहेर पडा. आत्ता."

"तुम्ही पण चला."

"जा म्हटलं ना!"

मी गेले. मुलीला पांघरुणासकट उचललं आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले. तिला काही कळत नव्हतं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पुन्हा झोपली. मी दहा मिनिटं तिथे उभी होते आणि आजोबा घरामागे होते, हे मला माहीत होतं. बंब आला तेव्हा मी एवढंच ओरडत राहिले, "मागे एक माणूस आहे, मागे एक माणूस आहे." बंबावरच्या माणसांनी आजोबांना शोधून आणलं. ते आमच्या अवजारांच्या खोलीच्या भिंतीला टेकून बसले होते, भुवया जळलेल्या, खोकला थांबत नव्हता. हातात दाताळं घट्ट धरलेलं, ते काढून घ्यावं लागलं.

अर्ध्या-पाऊण तासात आग आटोक्यात आली. जंगलाचा काही भाग काळा झाला. आमच्या मागच्या दोन खिडक्यांना तडे गेले, कुंपण गेलं, चादरी गेल्या. डावीकडच्या बाईचं लाकडी शेड आणि गाडी उभी करायचं छप्पर जळून गेलं. शेडमध्ये तिचे दोन ससे होते. त्या दिवशी तिला दुपारीही बेकरीत काम होतं; ती आली तेव्हा फायर ब्रिगेडच्या माणसांनी तिला मागे जाऊ दिलं नाही, पण तिला कळलं. ती माझ्याजवळ आली, मी तिला धरायला हात पुढे केला, आणि ती माझ्या बाजूने निघून गेली.

आग कशाने लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी सिगरेट टाकली असेल, कुणी गवतात गाडी उभी केली असेल. पण घरांपर्यंत ती का आली हे कळायला चौकशीची गरज नव्हती.

दोन दिवसांनी गेमाइंडेचा एक माणूस आणि एक पोलीस आले. आधी डावीकडे गेले. तिचं अंगण आता उघडं पडलं होतं, मधे थुया नव्हती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "ढीग माझ्या घरामागे नाहीये," ती म्हणत होती. "कुणाच्या फाटकासमोर आहे ते तुम्हीच बघा आणि तिथे विचारा."

मग ते आमच्याकडे आले. नवरा रजा घेऊन घरीच होता. तो काही बोलायच्या आत मी म्हटलं, "हो. आम्ही तिथे कचरा टाकायचो. चार वर्षं."

"फक्त तुम्ही?"

नवरा माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, सांग ना.

"मी आमच्यापुरतं सांगू शकते," मी म्हटलं.

"आणि पत्र मिळालं होतं?"

"मिळालं होतं. वाचलंही होतं."

गेमाइंडेच्या माणसाने ते लिहून घेतलं. ते गेल्यावर नवरा इतका चिडला की त्याला मराठीही नीट सुचेना. "अगं, कुणावर मेहेरबानी केलीस तू ही? तिने सरळ आपल्याकडे बोट दाखवलं! आपण भारतीय आहोत म्हणून सोपं वाटलं तिला. आणि तू वर..." मी म्हटलं, "मला मेहेरबानी करायची नव्हती." "मग काय करायचं होतं?" मला एवढंच वाटत होतं की नावं घेत बसले तर मी पुन्हा त्या रविवारच्या अंगणात जाऊन बसेन, जिथे सगळे एकमेकांकडे बोटं दाखवत होते आणि ढीग तसाच राहिला होता. रविवारी पुण्याहून फोन आला तेव्हा सासूबाईंना मी म्हटलं, "अहो आई, जंगलात थोडी आग लागली होती, आम्ही सगळे ठीक आहोत." नवरा बाजूला उभा राहून ऐकत होता.

आजोबांना वोल्फ्सबुर्गच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. मी दोन बस बदलून गेले. नाकात ऑक्सिजनची नळी, अंगावर पांढरा सदरा, त्यांचा चेहरा भुवया नसल्यामुळे ओळखू येत नव्हता. मी वाक्य घरून पाठ करून नेलं होतं. मला माफ करा, आम्ही ढीग उचलायला हवा होता.

"गेनाऊ," ते म्हणाले. म्हणजे, बरोबर.

मी उभीच राहिले. मग मी त्यांना सांगितलं, जसं जमेल तसं. आमचं गाव, डोंगर, गवत कापणारे वडील, जाळलेला पट्टा. ते ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "किती रुंद?" मी म्हटलं, "आठ-दहा पावलं." त्यांनी मान हलवली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"बाकीच्यांना खरंच माहीत नाही. ते मला वेडा समजतात, त्यांचं मला काही वाटत नाही. पण तुम्हाला माहीत होतं."

नर्स आली, मग मी निघाले. त्यांनी मला 'पुन्हा या' म्हटलं नाही, 'येऊ नका' असंही नाही. तीन आठवड्यांनी मुलगा येऊन त्यांना कोलोनला घेऊन गेला. फुप्फुसं आधीच नाजूक होती, एकट्याने राहणं आता जमणार नव्हतं असं गावात बोलत होते. सामान न्यायला ट्रक आला त्या दिवशी मी मुलाकडून पत्ता मागून घेतला. दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही, आणि ती पोचली की नाही हेही मला कधी कळलं नाही.

दंडाची नोटीस आमच्या एकट्याच्या नावे आली. नागरिकत्वाचा अर्ज त्याने अडला नाही, पण ते कळायला वर्ष लागलं, आणि ते वर्ष आम्हा दोघांना फार लांब गेलं. नवऱ्याने मे महिन्यात आठवडाभर रजा घेतली. ढिगाचं जे उरलं होतं, ओलं, काळं, अर्धवट जळकं, ते उचलायला आम्ही दोघं लागलो. वर जळालं होतं तरी खाली खळग्यात चार वर्षांचं कुजलेलं तसंच होतं. आम्ही ते ट्रेलरमध्ये भरायचो, आठ किलोमीटरवर नेऊन रिकामं करायचो, पुन्हा यायचो. पलीकडचं जोडपं खिडकीतून बघायचं.

तिसऱ्या दिवशी डावीकडची बाई फावडं घेऊन आली. नवऱ्याने तिच्याकडे पाठ केली आणि काम करत राहिला. ती खळग्याच्या दुसऱ्या कडेने खणू लागली. दुपारी मी तिघांसाठी चहा आणला; तिने घेतला. चौथ्या दिवशीही ती आली, पाचव्याही. शेवटचा ट्रेलर घेऊन नवरा गेला तेव्हा आम्ही दोघीच त्या खळग्याच्या काठावर उभ्या होतो. तळाशी वाळू दिसत होती.

"गेमाइंडेच्या त्या माणसाला तू माझं नाव सांगायला हवं होतंस," ती म्हणाली.

"मी आमच्यापुरतं सांगितलं."

"ते मला माहीत आहे." ती फावड्याचं पातं बुटाने पुसत होती. "तू नाव घेतलं असतंस ना, तर मी तुझ्याशी भांडले असते आणि संपलं असतं. आता मी काय करू?"

ती फावडं उचलून तिच्या उघड्या अंगणातून घराकडे गेली. त्यानंतर आम्ही तिथे चार वर्षं राहिलो. ती वाढदिवसाला केक आणून द्यायची, मुलीला हाक मारायची, भेटलो की हवापाण्याचं बोलायची. तिच्या स्वयंपाकघरातल्या त्या टेबलाशी मात्र मी पुन्हा कधी बसले नाही. तिने बोलावलं नाही, आणि मीही दार वाजवलं नाही.